टोपणनावामागचा जामीन

आमच्या हाताखालून एम. ए. होऊन गेलेला एक विद्यार्थी काही वर्षांपासून एका कचेरीत नोकरी करतो. दर रविवारी तो फेसबुकवर चार-पाचशे शब्द लिहीत असे. विषयांचा काही नेम नसे. कधी वाढलेले घरभाडे, कधी नात्यातल्या लग्नात झालेली उधळपट्टी, कधी निवडणुकीतली आश्वासने, तर कधी लोकलच्या डब्यात कानावर पडलेला संवाद. त्यात पांडित्य नव्हते. पण पाहण्याची सवय होती आणि पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची धडपड होती. दिवाळीत तो भेटायला आला तेव्हा लिहिणे थांबवल्याचे त्याने सांगितले. कोणी दमदाटी केली नव्हती. एका वरिष्ठांनी चहा पिताना, अगदी समजुतीच्या स्वरात सुचवले होते की लिहितोस चांगले, पण नोकरी आहे, जरा जपून. निघताना दारात थबकून त्याने विचारले, "सर, टोपणनाव घेऊन लिहिले तर तो भ्याडपणा होईल का?"

आम्ही दोघेही वर्षानुवर्षे 'शतपत्रे' शिकवत आलो आहोत. त्यामुळे उत्तर जिभेवरच होते. "अरे, लोकहितवादींनी तरी दुसरे काय केले?" तो हसला आणि गेला. त्याचे समाधान झाले असावे. आमचे झाले नाही. इतक्या सहज सुचलेल्या उत्तरात काहीतरी निसटले आहे, असे वाटत राहिले. ते काय निसटले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वर्गात 'शतपत्रे' शिकवताना आपण बहुधा एका थोर समाजसुधारकाच्या ग्रंथाविषयी बोलत असतो. पागोटे घातलेल्या, प्रौढ, रावबहादूर गोपाळ हरी देशमुखांचे चित्र आपल्यासमोर असते. ही पत्रे लिहिली गेली तेव्हा मात्र असा कोणी रावबहादूर अस्तित्वात नव्हता. गोपाळरावांचा जन्म १८२३ चा आणि पत्रांना आरंभ झाला १८४८ मध्ये. म्हणजे लेखकाचे वय पंचविशीचे. वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याकडे फडणीस होते. १८१८ मध्ये बापू गोखले आष्टीच्या लढाईत पडले, पेशवाई बुडाली आणि तिच्या आधाराने उभ्या असलेल्या अनेक घराण्यांचा आधारही गेला. त्यानंतर पाच वर्षांनी जन्मलेला हा मुलगा इंग्रजी शिकला आणि १८४४ मध्ये दक्षिणेतील सरदारांच्या एजंटाच्या कचेरीत भाषांतरकार म्हणून लागला. ज्या सरदारांच्या पदरी बापजाद्यांनी चाकरी केली, त्यांचेच कागद आता तो नव्या धन्यासाठी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेत होता. दोन वर्षांनी त्याने मुनसफीची परीक्षा दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर, नोकरी लागून तीन-चार वर्षे झालेला, बढतीची वाट पाहणारा, पुण्यातला एक तरुण नोकरदार.

त्या तरुणाभोवतीचा काळही विलक्षण होता. १८४८ मध्ये सातारचे छत्रपती आप्पासाहेब निवर्तले आणि ते राज्य खालसा होण्याच्या मार्गाला लागले. त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी पुण्याच्या नेटिव्ह जनरल लायब्ररीचा पाया घातला गेला आणि त्या खटपटीत गोपाळराव स्वतः होते. पुढच्या वर्षी पुण्यात 'ज्ञानप्रकाश' निघाला. रमण्यातल्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, असा अर्ज तरुण मंडळींनी केला आणि शहरात मोठी खळबळ उडाली. रेल्वे यायला अजून पाच वर्षे होती. अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट १८५४ मध्ये निघायचे होते. पुण्याचा मजकूर मुंबईला जायचा तो घाट उतरून, आणि छापून परत यायचा तो घाट चढून.

मुंबईत त्याची वाट पाहणारे साप्ताहिक म्हणजे 'प्रभाकर'. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले आणि १८४० मध्ये बंद पडले. त्यानंतरच्या वर्षीच, १८४१ मध्ये, बाळशास्त्र्यांच्याच शिष्यपरंपरेतील गोविंद विठ्ठल कुंटे यांनी 'प्रभाकर' सुरू केला. कुंटे हे नाव आज फारसे कोणी घेत नाही. महाराष्ट्र त्यांना भाऊ महाजन म्हणून ओळखतो. गोपाळरावांची १०८ पत्रे याच साप्ताहिकात दोन-अडीच वर्षांत प्रसिद्ध झाली. म्हणजे जवळजवळ आठवड्याला एक. कचेरी सांभाळून, रात्री समईच्या उजेडात लिहिलेले आठवड्याचे चिंतन, हे या लेखनाचे मूळ रूप आहे. 'शतपत्रे' हा ग्रंथ नंतर झाला.

ही गोष्ट ध्यानात घेतली की या लेखनाचे अनेक 'दोष' निराळे दिसू लागतात. एकच मुद्दा चार पत्रांत येतो, असे विद्यार्थी परीक्षेत लिहितात. खरे आहे. पण आठवड्याला लिहिणाऱ्याचा मागचा अंक वाचकाच्या हाती असेलच असे नसते. विधाने टोकाची आहेत, असेही लिहितात. तेही खरे. आज ब्राह्मणांच्या अर्थहीन पाठांतरावर कोरडे ओढावेत, उद्या बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर, परवा लग्नातल्या खर्चावर आणि आळसात दिवस घालवणाऱ्या पुणेकरांवर. मध्येच ग्रंथालयांचे महत्त्व सांगावे, देशात तयार झालेला माल वापरावा असे सुचवावे, आणि एखाद्या पत्रात या देशालाही पार्लमेंट हवे असे म्हणून मोकळे व्हावे. राजकारण, अर्थकारण आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये येथे भिंत नाही. भाषाही समोर बसलेल्या माणसाशी तावातावाने बोलावे तशी. लहान वाक्ये, प्रश्नामागून प्रश्न, मध्येच एखादा चिमटा. प्रबंधाची शिस्त येथे शोधणे म्हणजे ओट्यावरच्या बोलण्यात अनुक्रमणिका शोधण्यासारखे आहे.

विसंगतीही आहेत, आणि त्या झाकण्याचे कारण नाही. इंग्रजांचे राज्य हा ईश्वरी संकेत आहे, ते आपल्याला शहाणे करण्यासाठी आले आहेत, असे मानणारा हाच तरुण आपल्या लोकांनी राज्यकारभारात वाटा मागावा असेही सुचवतो. त्याच काळात, १८४९ मध्ये, तो अर्थशास्त्रावर 'लक्ष्मीज्ञान' लिहितो. पुढे १८७६ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, तोच लेखक 'हिंदुस्थानास दारिद्र्य येण्याची कारणे' शोधायला बसतो. पंचविशीतला विश्वास आणि पन्नाशीतला प्रश्न या दोहोंत पंचवीस वर्षांचे अनुभव आहेत. पत्रांवरच्या तारखा पुसून टाकल्या तर हे अंतर दिसत नाही. मग एक तर मूर्ती उरते, नाहीतर आरोपी.

आता टोपणनावाकडे वळू. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या आणि सनातनी शहरात राहणाऱ्या माणसाला खऱ्या नावाने हे लिहिणे दुहेरी अडचणीचे होते. वरच्या साहेबाची मर्जी एकीकडे आणि ब्राह्मण आळीतला बहिष्कार दुसरीकडे. त्यात साहेबाची भीती कमीच असावी, कारण पत्रांतला मुख्य मारा स्वजनांवर आहे. परंतु त्याने घेतलेल्या नावाचा प्रकार पाहण्यासारखा आहे. 'लोकहितवादी' हा काही मुखवटा नाही. लोकांचे हित बोलणारा, असे सांगून लेखकाने वाचकाच्या हाती स्वतःला मोजण्याचे मापच दिले आहे. यात लोकांचे हित कोठे आहे, असा प्रश्न कोणत्याही पत्राखाली वाचक विचारू शकतो. व्यक्तीचे नाव झाकून त्याने कर्तव्याचे नाव उघड केले. पुढे गंमत अशी झाली की ते कर्तव्याचे नावच त्याचे खरे नाव झाले. उतारवयात त्यांनी काढलेल्या नियतकालिकालाही तेच नाव मिळाले, आणि आज देशमुख हे आडनाव कंसात लिहावे लागते.

येथवरचे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. निसटते ते यापुढे. 'लोकहितवादी' हे नाव हवेत उभे नव्हते. त्याच्या मागे दुसरा माणूस उभा होता, आणि त्याचे नाव गाव सरकारला ठाऊक होते. मेटकाफच्या कारकिर्दीत, १८३५ च्या कायद्याने, छपाईसाठी आधी परवाना घेण्याची अट गेली. पण मुद्रक आणि प्रकाशक यांनी आपले नाव आणि छपाईचे ठिकाण जाहीर करणे बंधनकारक झाले. म्हणजे लिहिणारा अनामिक राहू शकत होता, छापणारा मात्र नाही. पुण्याच्या त्या अनामिक पत्रलेखकावर कोणी चिडले, तर त्याने जायचे कोठे? भाऊ महाजनांच्या दारात. 'प्रभाकर'ची वर्गणी बंद करायची तर ती भाऊंची. फिर्याद करायची तर ती भाऊंवर. त्या १०८ पत्रांपैकी प्रत्येक पत्र भाऊंनी वाचले, छापण्याजोगे ठरवले आणि आपल्या जबाबदारीवर लोकांपुढे ठेवले.

न्यायालयीन भाषेत याला जामीन राहणे म्हणतात. टोपणनाव हे एका माणसाचे धाडस नव्हते. तो दोघांमधला करार होता. एकाने विचार द्यायचा, दुसऱ्याने आपले नाव. तो करार किती महत्त्वाचा होता हे वाङ्मयाच्या इतिहासाने नीट नोंदवलेले नाही. पंचविशीतल्या लोकहितवादींवर प्रबंध निघाले, तिशीतल्या त्यांच्या संपादकाला बहुधा तळटीप मिळाली. त्या वेळी भाऊ महाजन स्वतःच ३३ वर्षांचे होते, हेही आपण विसरतो. एका तरुणाला दुसरा, थोडासा मोठा तरुण जामीन राहिला होता.

या कराराच्या बाहेर कोण होते, हेही पाहिले पाहिजे. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. तिने टोपणनाव घेतले नाही. ज्यांना आजवर नावच दिले गेले नव्हते, त्यांना नाव लपवण्याचा अर्थ तरी काय होता? ज्याच्याजवळ गमावण्याजोगी खुर्ची असते, प्रतिष्ठा असते, त्याला टोपणनाव लागते. जिला माणूस म्हणून मोजलेच जात नाही, तिच्यासाठी स्वतःचे नाव छापून येणे हाच मुख्य मजकूर असतो. तरीही तिच्या मागेसुद्धा एक शाळा होती आणि एक छापखाना होता. आपल्या नावाने बोलणाऱ्यालाही जामीन लागतोच.

लोकहितवादींना सर्वांत कडवा टीकाकार भेटला तो जवळजवळ एका पिढीनंतर. तोही तरुण आणि तोही सरकारी नोकर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते चोविशीही पुरे झालेले नव्हते आणि सरकारी शाळेत शिकवत होते. त्यांनी 'मालेत' लोकहितवादींची जी झडती घेतली ती सर्वांना ठाऊक आहे. स्वजनांची निंदा, परक्यांची स्तुती, अभ्यासाचा कच्चेपणा आणि भाषेचा गबाळेपणा, असे त्या आरोपपत्राचे स्वरूप. यातले काही आरोप सपशेल खोटे नाहीत. पण शास्त्रीबुवा ज्या मजकुराची झडती घेत होते तो आता ताजा राहिलेला नव्हता. पंचविशीतल्या भाषांतरकाराने घाईघाईने लिहिलेले शब्द, तोवर न्यायाधीश होऊन वृद्ध होत चाललेल्या रावबहादुरांच्या माथी मारले जात होते. साप्ताहिकातली चिंतने ग्रंथ झाली की असे होते. वाऱ्यावर बोललेले दगडावर कोरलेले मानून वाचले जाते.

आणि शास्त्रीबुवांना तरी दुसरा न्याय कोठे मिळाला? त्यांच्या संपादनाखालचे 'शाळापत्रक' त्यातल्या टीकेमुळे सरकारने १८७५ मध्ये बंद केले. पुढे त्यांनी सरकारी नोकरी सोडली, १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' यांच्या उभारणीत ते होते. नोकरी सांभाळून लिहायचे की लिहिण्यासाठी नोकरी सोडायची, या प्रश्नाची दोन उत्तरे या दोन शत्रूंनी दिली. गोपाळरावांनी टोपणनाव घेतले, विष्णुशास्त्र्यांनी राजीनामा दिला. मराठी निबंधाचा सारा आरंभकाळ या दोन उत्तरांमध्ये सामावलेला आहे, असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

आमच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याच्या हातात जे माध्यम आहे त्यात घाट नाही, टपाल नाही आणि संपादकही नाही. मनात आले की पाच मिनिटांत ते शेकडो लोकांपुढे जाते. हे स्वातंत्र्य मोठे आहे. मुक्ता साळवेच्या वारसांना त्याचा झालेला लाभ आम्ही वर्गात रोज पाहतो. पण या स्वातंत्र्यात जामिनाची जागा रिकामी आहे. ज्या कंपनीच्या फळ्यावर तो लिहितो, तिला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम काही अटींवर इतरांच्या मजकुराच्या जबाबदारीतून मोकळे ठेवते. १८३५ मध्ये छापणारा उघड होता आणि लिहिणारा झाकलेला. आता छापणारा मोकळा आहे आणि लिहिणारा उघडा.

उघडा म्हणजे किती उघडा, हे महाराष्ट्राने २०१२ च्या नोव्हेंबरात पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन-चार वाक्ये लिहिली. दुसरीने त्यांना केवळ पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. राजकारण आणि रोजचे जगणे जेथे एकमेकांना अडवतात तेथल्या, अगदी 'शतपत्रां'च्या जातीच्या त्या ओळी होत्या. त्यांना लावलेले ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. कलम गेले, पण 'जरा जपून' हा स्वर गेला नाही. सरकारी नोकरांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच. २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराविषयी आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतंत्र परिपत्रकही काढले. आज पंचविशीतला गोपाळ हरी एजंटाच्या कचेरीऐवजी मंत्रालयात भाषांतरकार असता, तर दर आठवड्याला लिहिण्याआधी त्याला हे सारे वाचावे लागले असते.

दुसऱ्या बाजूला टोपणनावांचे उदंड पीकही आहे. त्यातली कित्येक नावे कोणाची तरी आईबहीण काढण्यासाठीच घेतलेली दिसतात. लोकहितवादींचे नाव घेऊन त्यांचे समर्थन करता येणार नाही. तेथे नाव झाकलेले असते, मोजण्याचे माप दिलेले नसते आणि मागे कोणी उभाही नसतो. टोपणनावाला भ्याड किंवा शूर ठरवते ते त्याच्या मागचे आणि पुढचे हेच सारे.

आणखी एक भेद आहे आणि तो आम्हा वाङ्मयाच्या लोकांना अस्वस्थ करणारा आहे. 'प्रभाकर'चे अंक कागदावर होते, म्हणून ती पत्रे पुढे ग्रंथात गेली, त्यांच्या आवृत्त्या निघाल्या, आणि आज त्यांच्यावर वीस गुणांचा प्रश्न विचारता येतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तेथे मराठी तरुणांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत काय लिहिले, कोणते शब्द घडवले, कोणत्या प्रश्नांवर ते रात्र-रात्र भांडले, याचा अभ्यास उद्याच्या संशोधकाने कशावरून करावा? आमच्या विद्यार्थ्याने आपले रविवारचे लेख पुसून टाकले आहेत. शंभर भरले होते की नाही, हे त्यालाही आठवत नाही.

आता जे लिहायचे ते लिहायला संकोच वाटतो. हा विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्याकडे वार्षिकांकाचे संपादन होते. त्याने एक लेख आणून दिला होता. त्याच्या वस्तीतला पाण्याचा नळ आणि वॉर्डातली निवडणूक यांविषयीचा. लेख चांगला होता. आम्ही तो "शैली थोडी सुधारून आण" असे सांगून परत केला. शैलीत सुधारण्याजोगे काही नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. लेखात ज्यांच्याकडे बोट होते ते गृहस्थ संस्थेच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसत. आम्ही त्याविषयी एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. तशी गरजच पडली नाही. त्याने लेख परत आणला नाही. पुढे तो फेसबुकवर लिहू लागला तेव्हा आम्ही कौतुकाने वाचत राहिलो, आणि मागे उभे राहण्याचा प्रश्न आता आपला नाही, याचे बरे वाटत राहिले.

त्याने दारात विचारलेला प्रश्न त्याच्या धैर्याविषयीचा होता, असे आम्ही समजलो. वस्तुतः तो आमच्याविषयीचा होता. लोकहितवादींचे उदाहरण देताना आम्ही त्याला अर्धाच इतिहास सांगितला. भाऊ महाजनांचा अर्धा आमच्या वाट्याचा होता आणि तो आम्ही वगळला. दर पिढीत पंचविशीतली माणसे कचेरीतून परतून काहीबाही लिहीत राहतात. ती थोर निघतील की नाही हे त्यांच्या हाती असते. ती पहिली दोन वर्षे लिहीत राहतील की नाही, हे मात्र पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असते.

यंदाच्या वार्षिकांकात माजी विद्यार्थ्यांसाठी काही पाने ठेवली आहेत. नळाचा तो लेख जपून ठेवला असशील तर पाठव, असे आम्ही त्याला कळवले आहे. नाव खरे घालायचे की टोपण, ते त्याने ठरवावे. संपादक म्हणून खाली आमची दोघांची नावे पुरी छापली जातील, तीही आडनावांसकट. अजून त्याचे उत्तर आलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत.